पुरुषाचा सदरा

उसाच्या फडात तोडणीला उतरलेली बाई साडीवरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते. हात, मान, गळा सोलून निघतो. त्यापासून बचाव म्हणून हा सदरा. डोक्याला फडके गुंडाळलेले, अंगात नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना सदरा आणि हातात कोयता. पाचटाच्या धुळीत दुरून पाहिले तर ही बाई की पुरुष ते ओळखू येत नाही. माझी आई असा सदरा घालून अनेक हंगाम फडात राबली. सदरा पुरुषाचा होता, राबणे पुरुषाइतके होते; हिशेबाच्या वहीत मात्र तिचे नाव नव्हते.

ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा करतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून, म्हणजे शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागांतून, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. काही सुरत-बारडोलीकडच्या कारखान्यांना जातात, काही महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो आणि ती फेडण्यासाठी माणसे हंगामभर बांधली जातात. या हिशेबातले एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवरा ऊस तोडतो, बायकोही तोडते. पाला साळायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, ही कामे बहुतेक तिच्याकडे. उचल मात्र नवरा घेतो, अंगठा नवऱ्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात. बाई ही त्या कोयत्याची अर्धी मूठ. तिचा स्वतंत्र दर नाही, स्वतंत्र नोंद नाही.

वडील वारले तेव्हा मी चौथीत होतो. आईने मुकादमाकडे उचल मागितली. त्याने सरळ सांगितले, एकट्या बाईचा कोयता होत नाही. शेवटी माझ्या मामाच्या जोडीला तिला लावले आणि वहीत 'मामाचा कोयता' अशी नोंद झाली. मामा तिचे पैसे तिला देत असे, तो भला माणूस. पण त्याने ते दिले नसते तर तिला कोणापुढेही दाद मागता आली नसती. कारण कागदावर ती फडात नव्हतीच.

हे सारे पुन्हा वर येण्याला एक निमित्त घडले. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. जोतीराव फुल्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली निघाला, आणि अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या तेथील लोकांना जोतीरावांनी तो अर्पण केला, हे मी दहावीच्या वर्गाला सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तिथली गुलामगिरी गेली. मग तिथल्या बाया कुठं गेल्या?" मला उत्तर देता आले नाही. मुक्त झालेल्या काळ्या पुरुषांविषयी मी थोडेफार वाचले होते. काळ्या बायांचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. उत्तर शोधताना जी बाई मला भेटली तिचे नाव कॅथी विल्यम्स. तिने दोन वर्षे पुरुषाचा सदरा घातला होता, आणि तोही सरकारी.

कॅथीचा जन्म १८४४ च्या सुमारास मिसुरी राज्यात इंडिपेन्डन्स या गावाजवळ झाला. बाप स्वतंत्र होता, आई गुलाम होती. गुलामगिरीच्या कायद्याप्रमाणे मूल आईच्या जातीवर जात असे, म्हणून कॅथी गुलाम. आपल्याकडे जातीचा वारसा बापाकडून येतो, तिकडे गुलामीचा आईकडून येत होता. वाट निराळी, हेतू एकच: जन्माबरोबर बेडी ठोकायची. जेफरसन सिटीजवळच्या एका मळ्यावर ती घरकाम करीत होती. १८६१ साली यादवी युद्धात उत्तरेच्या फौजा तेथे आल्या आणि तिला इतर गुलामांबरोबर घेऊन गेल्या. अशा लोकांना त्या काळी शत्रूचा जप्त केलेला माल समजत. माणसाला माल म्हणण्याची सवय मुक्तिदात्यांनाही सुटलेली नव्हती. तिला जायचे नव्हते, असे तिने पुढे सांगितले आहे. पण तिला कोणी विचारले नाही. इंडियाना राज्याच्या आठव्या पलटणीबरोबर ती स्वयंपाक करीत आणि कपडे धूत दक्षिणेतील अनेक राज्यांतून फिरली. लढाया पाहिल्या, जाळपोळ पाहिली, सैन्य कसे चालते ते आतून पाहिले.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. कॅथी स्वतंत्र झाली. पण या स्वातंत्र्यात होते काय? जमीन नाही, घर नाही, अक्षरओळख नाही. काळ्या बाईला मिळणारे काम म्हणजे गोऱ्यांच्या घरचा स्वयंपाक, गोऱ्यांचे कपडे, नाहीतर गोऱ्यांचे शेत. कालपर्यंत जे मालकासाठी फुकट केले तेच आज चार नाण्यांवर करायचे. याच सुमारास, १८६६ च्या कायद्याने, शांततेच्या काळातील कायम सैन्यात काळ्या पुरुषांना प्रथमच जागा मिळाली. त्यांच्यासाठी पायदळाच्या चार आणि घोडदळाच्या दोन पलटणी वेगळ्या उभारण्यात आल्या. अंमलदार अर्थात गोरे. तरीही सैन्य म्हणजे बांधलेला पगार, दोन वेळचे अन्न, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर आणि आजारी पडल्यास इस्पितळ. मुक्त झालेल्या गुलामाला याहून मोठे काही दुसरीकडे दिसत नव्हते.

दार उघडले होते, पण ते पुरुषांना. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी सेंट लुई शहरात कॅथीने आपले नाव उलटे केले, 'विल्यम कॅथी' असे सांगितले आणि अडतिसाव्या पायदळ पलटणीत तीन वर्षांसाठी नाव घातले. वय बावीस, धंदा स्वयंपाकी, उंची पाच फूट नऊ इंच, अशी नोंद झाली. वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती. ती नावापुरतीच झाली असली पाहिजे. पलटणीत तिचे खरे रूप दोघांनाच ठाऊक होते, एक नात्यातला भाऊ आणि एक ओळखीचा. त्या दोघांनी ते कधी बोलून दाखवले नाही. सैन्यात का गेलीस, याचे तिने दिलेले कारण साधे आहे. तिला स्वतःचे पोट स्वतः भरायचे होते, नातेवाईक-मित्रांवर भार टाकायचा नव्हता. त्यात साहसाची हौस नव्हती, युद्धाचे वेड नव्हते. माझ्या आईने मुकादमापुढे जे मागितले तेच तिने मागितले. फरक इतकाच की आईला 'बाई' म्हणून परत पाठवता आले. कॅथीने ती संधीच दिली नाही.

तिच्या पलटणीला पाठवले होते ते पश्चिमेच्या सरहद्दीवर. ही सरहद्द म्हणजे दोन देशांमधली आखीव रेषा नव्हे. गोऱ्यांच्या वसाहती जेथे संपतात आणि तेथील मूळ रहिवाशांचा मुलूख जेथे सुरू होतो, असा तो पट्टा होता, आणि तो वर्षावर्षाला पश्चिमेकडे सरकत होता. कॅन्ससमधील फोर्ट रायली, तेथून फोर्ट हार्कर, तेथून पाचशे मैलांहून अधिक पायपीट करून न्यू मेक्सिकोतील फोर्ट युनियन आणि पुढे फोर्ट कमिंग्ज, असा तिच्या तुकडीचा प्रवास १८६७ मध्ये झाला. वसाहतीकडे जाणारे रस्ते राखायचे आणि अपाची लोकांना दूर ठेवायचे, हे त्यांचे काम.

येथे थांबणे भाग आहे. कॅथीची हकीकत नुसती गौरवाने सांगितली तर ती अर्धी राहील. कालचे गुलाम आज बंदूक घेऊन उभे होते ते कोणाविरुद्ध? ज्यांची जमीन हिरावली जात होती त्यांच्याविरुद्ध. मालक तोच, बळी दोन, आणि एका बळीच्या हातात दुसऱ्यासाठी बंदूक. आम्हा खानदेशवासीयांना हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांचीच पलटण उभारली, ती भिल्लांचेच बंड मोडण्यासाठी. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच इंग्रजांविरुद्ध उलटला आणि सातपुड्यात लढला, हीही याच इतिहासाची दुसरी बाजू. महारांनी कंपनी सरकारच्या फौजेत पराक्रम केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद करण्यात आली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. गणवेश माणसाला उभे करतो, आणि गणवेश देणारा त्याचा वापरही करून घेतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जो तळाला आहे त्याला पहिली गोष्ट आधी दिसते, यात त्याचा दोष मानता येणार नाही.

कॅथीची प्रकृती पहिल्यापासून खालावत होती. भरतीनंतर लगेच तिला देवी आल्या. पुढे वारंवार इस्पितळात जावे लागले. इतके असूनही तिचे बाईपण बाहेर आले नाही, यावरून सरहद्दीवरच्या काळ्या शिपायाची तपासणी कितपत आस्थेने होत असेल ते समजते. अखेर तिला सैन्याचा कंटाळा आला, ती आजारी म्हणून वैद्याकडे गेली, आणि त्याच्या लक्षात खरा प्रकार आला, असे तिने सांगितले आहे. १४ ऑक्टोबर १८६८ रोजी तिला शारीरिक असमर्थतेच्या दाखल्यावर सेवामुक्त केले. त्या कागदात ती बाई होती याचा उल्लेख नाही. सरकारच्या लेखी विल्यम कॅथी नावाचा एक आजारी शिपाई घरी गेला, इतकेच.

तिच्या सांगण्यातली एक गोष्ट मला फार बोचली. ती बाई आहे हे कळल्यावर बरोबरच्या शिपायांना ती नकोशी झाली, काहींनी तिला वाईट वागवले. हे शिपाई कोण होते? तेही कालचे गुलाम. दोन वर्षे ज्याच्याबरोबर ते चालले, ज्याच्याबरोबर पहारा दिला, तोच माणूस एका दिवसात परका झाला. त्याचे काम बदलले नव्हते, रंग बदलला नव्हता, फक्त एक माहिती पुढे आली होती. आम्ही दलित चळवळीतले पुरुष सवर्णांच्या स्पर्शास्पर्शावर तासन्‌तास बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण आपल्या कोयत्याची अर्धी मूठ आपण कोणत्या नावाने वहीत लिहितो, हे विचारायची वेळ आली की आपल्यातलेच कित्येक जण त्या शिपायांच्या रांगेत उभे असतात. मीही काही काळ त्या रांगेत उभा होतो. आईच्या मजुरीला मी अनेक वर्षे 'मामाचा कोयता' असेच म्हणत आलो.

पुढे कॅथी पुन्हा बाईचा वेष घालून स्वयंपाक आणि कपडे धुणे या जुन्याच धंद्याला लागली, आधी न्यू मेक्सिकोत, मग कोलोरॅडोत. तिने लग्न केले. नवऱ्याने तिचे पैसे, घड्याळ आणि घोडे पळवले. तिने त्याला पकडवून दिले आणि संबंध तोडला. २ जानेवारी १८७६ रोजी सेंट लुईच्या एका दैनिकात तिची कहाणी छापून आली. तोपर्यंत जगाला ती ठाऊक नव्हती. सैन्याच्या दप्तरातील 'विल्यम कॅथी' आणि दैनिकातील 'कॅथी विल्यम्स' ही दोन टोके जुळतात म्हणूनच आज आपण तिच्याविषयी खात्रीने बोलू शकतो. त्या काळ्या पलटणींत पुरुष म्हणून राहिलेली, कागदोपत्री सिद्ध झालेली ही एकच बाई.

१८९१ मध्ये तिने सैनिकी निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. ऐकू कमी येत होते, सांधे धरले होते. सरकारी वैद्याच्या तपासणीत तिच्या पायांची बोटे कापलेली आढळली. तरीही निवृत्तिवेतनास पात्र ठरेल असे अपंगत्व नाही म्हणून अर्ज नामंजूर झाला. बाई म्हणून नाकारले असे कोठेही लिहिलेले नाही. पण जे कागदावर लिहिलेले नसते तेच पुष्कळदा निर्णय करते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिची कबर कोठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. २०१६ मध्ये कॅन्ससमधील लेव्हनवर्थ येथे तिचा अर्धपुतळा बसवण्यात आला. पुतळा उभारायला सव्वाशे वर्षे लागली तर लागली. पण पोटाला हवे होते तेव्हा तिला काहीच मिळाले नाही.

अशा हकिकती फक्त अमेरिकेत घडल्या असे नाही. मराठ्यांच्या छावणीतही एक घडली. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने छावणीतून लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. त्यांत जोरावरसिंग नावाच्या एका शिपायाची हकीकत आहे. हा शिपाई खरे पाहता एक तरुण मुलगी होती. दोन-तीन वर्षे ती शिंद्यांच्या फौजेत नोकरी करीत होती, वेगळी राहत होती, आपले अन्न आपण शिजवून खात होती. कारण काय? तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता आणि त्याला सोडवण्यासाठी तिला पैसा जमवायचा होता. प्रकार उघडकीस आल्यावर तिला शिक्षा झाली नाही, उलट कौतुकच झाले. या हकिकतीत मला वेषाइतकेच कर्ज महत्त्वाचे वाटते. भावावरचे कर्ज फेडायला बहिणीला पुरुष व्हावे लागते, कारण बाईच्या कामाला कर्ज फिटेल एवढी किंमतच नसते.

आणि हे दोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. तमिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यातील एका मजूर बाईची हकीकत २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून आली. लग्नानंतर पंधरा दिवसांत नवरा वारला, पोटात मूल होते. एकट्या बाईला कामावर जो त्रास सोसावा लागला त्याला कंटाळून तिने केस कापले, सदरा-लुंगी घातली, पुरुषाचे नाव घेतले आणि तीस वर्षांहून अधिक काळ बांधकामावर, हॉटेलात, चहाच्या दुकानात राबून मुलगी वाढवली. कॅथीने पगारासाठी वेष घेतला, या बाईने अब्रूसाठी. पण मुळात दोन्ही एकच: बाईच्या अंगाला या समाजात संरक्षणही नाही आणि दामही नाही.

एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. पुरुषाच्या वेषात राहिलेली प्रत्येक व्यक्ती पोटासाठीच तशी राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियात चार्ली पार्कहर्स्ट नावाचा एक नामांकित घोडागाडीवाला होता. १८७९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते शरीर स्त्रीचे असल्याचे आढळले. १८६८ सालच्या तेथील मतदार नोंदवहीत त्याचे नाव आहे, आणि अमेरिकेत सर्व देशभर स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९२० मध्ये. चार्ली आयुष्यभर पुरुष म्हणून जगला आणि पुरुष म्हणूनच मेला. काही माणसांसाठी तो वेष नसतो, ते त्यांचे खरे रूप असते. त्यांच्या आत्मसन्मानाला 'सोंग' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कॅथीचे तसे नव्हते. सैन्य सुटल्यावर ती आपल्या मूळ नावाकडे परत आली आणि आपली गोष्ट तिने स्वतः सांगितली. म्हणून मी तिच्याविषयी पोटाच्या अंगाने बोलतो आहे.

या साऱ्यातून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कॅथीने सदरा बदलला तेव्हा तिच्या हातापायातले बळ वाढले नाही. आदल्या दिवशी जेवढे होते तेवढेच दुसऱ्या दिवशी होते. वाढला तो दाम. याचा अर्थ, बाईला कमी दाम मिळतो तो तिचे काम कमी म्हणून नव्हे, ती बाई म्हणून. जे आपण जातीविषयी नेहमी म्हणतो तेच येथे लागू पडते. अस्पृश्याचे काम हलके म्हणून तो हलका ठरला नाही. तो हलका ठरवला गेला म्हणून त्याचे काम हलके झाले. वेषांतर करणारी बाई ही लबाडी उघडी पाडते. तिने काही वाद घातला नाही, दोन वर्षे पाठीवर ओझे घेऊन चालली, आणि स्त्रीला हे जमत नाही हे शास्त्र खोटे ठरले.

पण वेषांतराची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. लपून मिळवलेला हक्क एकटीपुरता असतो, आणि ओळख पटताच तो जातो. कॅथीमुळे दुसऱ्या कोणत्याही काळ्या बाईला सैन्याचे दार उघडले नाही. अमेरिकेच्या सैन्यात स्त्रियांना कायम जागा देणारा कायदा १९४८ साली झाला, आणि काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या पलटणी मोडण्याचा हुकूमही त्याच वर्षी निघाला. कॅथीच्या भरतीनंतर ८२ वर्षांनी. हे दोन्ही झाले ते उघड मागणीच्या रेट्याने, कोणी लपून शिरल्यामुळे नव्हे.

कपडे बदलण्याचा दुसरा मार्ग आपल्या इतिहासात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब अस्पृश्य स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि अंगावरचे जे जड दागिने अस्पृश्यतेची खूण म्हणून चिकटले आहेत ते टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि बायांनी ते तेथल्या तेथे मनावर घेतले. हेही वस्त्र बदलणेच होते. पण ते ओळख लपवण्यासाठी नव्हते. आम्ही कोण आहोत हे ठाऊक असूनही आम्हाला माणूस म्हणून वागवा, हे सांगण्यासाठी होते. कॅथी एकटी होती आणि अंधारात होती. महाडच्या बाया पुष्कळ होत्या आणि दिवसाउजेडी होत्या. माझ्या दृष्टीने सारा फरक येथे आहे.

त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, मध्यवर्ती कायदेमंडळात खाणीतल्या स्त्रियांचा प्रश्न निघाला तेव्हा एक गोष्ट मुद्दाम नोंदवली. युद्धकाळात स्त्रियांना भूमिगत कामावर घेण्याच्या निर्णयावर टीका चालू होती. त्या कामात स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य झाले आहे, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. पुढे संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात हे तत्त्व राज्याच्या धोरणाचा भाग झाले आणि १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदाही झाला. कागद आपल्या बाजूचा आहे. फडातली वही नाही.

आमच्या शहादा-तळोद्याने हा उघड मार्ग एकदा चालून पाहिला आहे. अंबरसिंग सुरतवंतींनी भिल्लांना जागे केले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि मजुरीच्या व जमिनीच्या त्या लढ्यात आदिवासी बाया पुढे होत्या. दारूची मडकी त्यांनी फोडली, मोर्चाच्या अग्रभागी त्या चालल्या, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला त्यांनी जाब विचारला. त्यांनी पुरुषाचा वेष घेतला नाही. त्या बाया म्हणूनच आल्या आणि बाया म्हणूनच मोजून घ्यायला लावले. पुढे ती लाट ओसरली. पण ती आली होती हे आमच्या मुलींना कोणी सांगायचे?

मी वर्गात परत गेलो तेव्हा त्या मुलीला कॅथीची गोष्ट सांगितली. सारा वर्ग गप्प होता. ती म्हणाली, "सर, तिनं नाव बदललं म्हणून तिचं नाव लागलं. माझ्या आईचं तर खरं नाव असून लागत नाही." तिचे आईवडील त्या वेळी फडात होते. ती आजीकडे राहून शाळा शिकत होती.

तिच्या या बोलण्यावर मला पांडित्य करता येत नाही. कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक यांना एवढीच विनंती करतो. या हंगामात आपल्या गावातून टोळी निघेल तेव्हा मुकादमाची वही मागून पाहा. एका कोयत्यापुढे दोन नावे लिहायला लावा. बाईचे नाव, तिचा अंगठा किंवा सही, तिची उचल, तिचा हिशेब, सारे वेगळे. मुकादम कुरकुर करील, काही नवरेही करतील. एकट्या बाईचा कोयता होत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला विचारा, होत नाही की होऊ देत नाही? गावात दहा कोयते असतील तर वीस नावे झाली पाहिजेत.

आईचा तो सदरा माझ्याकडे आहे. बाह्या पात्याने फाटून झिरझिरीत झाल्या आहेत. मामाच्या मापाचा, तिला ढगळ होणारा. त्याच्या खिशात तिने कधी स्वतःचे पैसे ठेवले नाहीत, कारण ते तिच्या हातात मामाकडून येत, आणि आले की किराणावाल्याकडे जात. पण तो घालून तिने किती ऊस तोडला याची मोजदाद कोणत्याही वहीत नाही, म्हणून निदान येथे लिहून ठेवतो.